कलकत्त्याचे महेशचंद्र, पुण्याच्या पटावर

पुण्यात बुद्धिबळाचे वर्ग आता गल्लोगल्ली आहेत आणि सुट्टीच्या दिवशी शहराच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात एखादी स्पर्धा चाललेली असतेच. पण बुद्धिबळाच्या इतिहासावर, तेही एकाच विस्मृत खेळाडूवर, तिकीट लावून केलेला कार्यक्रम मी तरी प्रथमच पाहिला. सदाशिव पेठेतील एका लहान सभागृहात शनिवारी संध्याकाळी ही बैठक होते. एक खासगी शिकवणीवर्ग ती भरवतो आणि तिचा विषय आहे एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात खेळलेले महेशचंद्र बॅनर्जी. माणशी ४०० रुपये शुल्क, तीन तासांचा वेळ, मध्यंतरात चहा आणि सोबत छापील टिपणाची चार पाने, असे एकंदर स्वरूप आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. बैठक जिथे पटावर बसते तिथे ती उत्कृष्ट आहे आणि जिथे ती पटावरून उठून भाषणाला उभी राहते तिथे सामान्य आहे. सुदैवाने तीन तासांतला मोठा भाग पटावरच जातो.

ज्यांना हे नाव अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. महेशचंद्र हे बंगाली ब्राह्मण. देशी नियमांच्या बुद्धिबळात तयार झालेले आणि आपल्या भागात कधीच न हरलेला खेळाडू म्हणून ख्याती असलेले. कलकत्ता चेस क्लबच्या एका सभासदाच्या कानावर ही ख्याती गेली आणि १८४८ च्या सुमारास त्यांची गाठ जॉन कॉक्रन यांच्याशी घालून देण्यात आली. कॉक्रन हे स्कॉटिश, पेशाने बॅरिस्टर आणि त्या काळातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक होते. दोघांमध्ये पुढची अनेक वर्षे शेकडो डाव झाले. कॉक्रन यांनी ते लिहून ठेवले, त्यांतले बरेचसे लंडनच्या बुद्धिबळ नियतकालिकांपर्यंत पोहोचले आणि त्यामुळेच आज पुण्यातल्या एका सभागृहात बसून आपल्याला ते पुन्हा मांडता येतात. १८५० साली लंडनच्या ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’ या मासिकात कलकत्त्याहून आलेले एक पत्र छापले गेले. कॉक्रन यांना जोर लावून खेळायला लावील असा इथला प्रतिस्पर्धी म्हणजे हा ब्राह्मणच, असा त्या पत्राचा आशय होता. महेशचंद्रांच्या कारकिर्दीचा सांगाडा एवढाच आहे. बाकी सगळे मांस डावांत आहे, आणि सादरकर्त्यांनी बैठकीची उभारणी डावांवर केली हा त्यांचा पहिला आणि सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल.

सादरकर्ते हे निवृत्त गृहस्थ आहेत. आवाज खणखणीत, मराठी स्वच्छ आणि वेळेच्या बाबतीत अस्सल पेठेतले. सहाचा कार्यक्रम सहाला सुरू झाला आणि सहा वाजून पाच मिनिटांनी आलेल्या कुटुंबाला ‘मंडळी, तुमची पहिली खेळी चुकली’ असे ऐकवून मागच्या रांगेत बसवण्यात आले. भिंतीवर खाचांचा मोठा पट टांगलेला असतो आणि त्यात पत्र्याची सपाट मोहरी सरकवून डाव दाखवला जातो. हल्ली प्रोजेक्टर लावून पडद्यावर बाणांची आतषबाजी करण्याची पद्धत आहे. तिच्यापेक्षा हा जुना पट कितीतरी बरा, कारण हाताने मोहरे काढून दुसऱ्या खाचेत बसवायला जो वेळ लागतो तेवढ्यात मागे बसलेल्या माणसालाही विचार करायला फुरसत मिळते. शिवाय दर दोन श्रोत्यांत एक पट मांडून दिलेला असतो, त्यामुळे समोरची खेळी आपल्याही पटावर करून पाहता येते. माझ्या पटावर एक काळे प्यादे हरवले होते आणि त्याच्या जागी शर्टाचे बटण ठेवले होते. ही गैरसोय नव्हे, पण ४०० रुपये घेणाऱ्यांनी एक प्यादे शोधून ठेवायला हरकत नसावी.

बैठकीचा पहिला तास कॉक्रन यांच्यावर जातो आणि तो लांबतो. कॉक्रन यांचा जन्म १७९८ चा, त्यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक १८२२ चे. पॅरिसला जाऊन ते देशापेल आणि ला बूर्दोने या त्या काळच्या अव्वल फ्रेंच खेळाडूंशी खेळले होते. लंडन आणि एडिंबरा या शहरांत १८२४ मध्ये पत्रांतून सामना सुरू झाला तेव्हा लंडनच्या बाजूला एक नवी सुरुवात त्यांनीच सुचवली, पण ते हिंदुस्थानात निघून आले आणि पुढे एडिंबराच्या खेळाडूंनी तीच सुरुवात उचलून तिला ‘स्कॉच’ हे नाव मिळवून दिले. हा सगळा मजकूर रंजक आहे आणि विषयाशी त्याचा संबंधही आहे, कारण महेशचंद्रांसमोर बसलेला माणूस कोणत्या तोलाचा होता हे कळल्याशिवाय त्यांच्या जिंकलेल्या डावांचे मोल कळणार नाही. पण नेपोलियन ज्या ‘बेलेरोफॉन’ जहाजावर शरण आला त्याच जहाजावर तरुण कॉक्रन होते, ही आख्यायिका सांगण्यात जी दहा मिनिटे गेली ती अनाठायी होती. नेपोलियनचे नाव निघाले की व्याख्यात्यांचा पाय मागे फिरत नाही, हा पुण्यातील व्याख्यानमालांचा जुना अनुभव आहे आणि ही बैठकही त्याला अपवाद ठरली नाही.

त्यापेक्षा १८४१ ते १८४३ या काळावर अधिक थांबायला हवे होते. कॉक्रन त्या दरम्यान इंग्लंडमध्ये होते आणि हॉवर्ड स्टाँटन यांच्याशी शेकडो डाव खेळले. स्टाँटन हे पुढे त्या काळातले सर्वांत प्रबळ खेळाडू मानले गेले आणि बहुतेक डाव त्यांनीच जिंकले. पण त्यांच्याखेरीज लंडनमधला दुसरा कोणी कॉक्रन यांच्यापुढे टिकत नव्हता. म्हणजे परत आलेले कॉक्रन हे कलकत्त्याच्या क्लबात वेळ घालवणारे हौशी साहेब नव्हते. जगातल्या पहिल्या काही खेळाडूंत ज्याची गणना व्हावी असा तो माणूस होता, आणि त्याच्यासमोर नियमही नव्याने शिकलेले महेशचंद्र बसले होते. हा एक मुद्दा ठसठशीत मांडला असता तर नेपोलियनची गरजच उरली नसती.

याच तासात मांडलेल्या १८४८ च्या डावामुळे मात्र सभागृह खऱ्या अर्थाने जागे झाले. पेत्रोव्ह बचावात, म्हणजे दोन्ही बाजूंनी राजासमोरची प्यादी दोन घरे पुढे टाकून राजाकडचे घोडे बाहेर काढल्यावर, कॉक्रन यांनी पांढऱ्या घोड्याने आधी मधले प्यादे मारले आणि काळ्याने त्या घोड्याला हुसकावण्यासाठी वजिरासमोरचे प्यादे एक घर पुढे टाकताच मागे फिरण्याऐवजी तो घोडा थेट काळ्या राजाशेजारच्या एफ ७ घरातल्या प्याद्यावर घातला (पटावरच्या उभ्या रांगा ए ते एच या अक्षरांनी आणि आडव्या रांगा १ ते ८ या आकड्यांनी ओळखतात). राजाने घोडा मारला. पांढऱ्याचा एक घोडा गेला, दोन प्यादी मिळाली आणि काळ्याचा राजा चौथ्याच खेळीत उघड्यावर आला. हा बळी आज ‘कॉक्रन गँबिट’ (गँबिट म्हणजे हल्ल्यासाठी सुरुवातीलाच दिलेला बळी) म्हणून ओळखला जातो आणि तो ज्यांच्याविरुद्ध खेळला गेला ते महेशचंद्र होते. १९९९ मध्ये स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर व्हेसेलिन टोपालोव्ह यांनी ग्रँडमास्टर व्लादिमीर क्रामनिक यांच्याविरुद्ध हीच कल्पना वापरली आणि तो डाव बरोबरीत सुटला. दीडशे वर्षांचे अंतर असलेल्या या दोन डावांची पहिली चार खेळींची मांडणी सादरकर्त्यांनी दोन पटांवर शेजारी शेजारी लावून दाखवली, आणि इथे ते जवळजवळ काहीही बोलले नाहीत, हे विशेष उल्लेखनीय आहे.

या ठिकाणी एक बारीक तक्रार नोंदवतो. १८४८ चा हा डाव दाखवण्यासाठी मंचावरच्या टेबलावर ‘त्या काळची’ म्हणून जी लाकडी मोहरी मांडली होती ती स्टाँटन घाटाची होती. तो घाट नॅथॅनियल कुक यांच्या नावाने १ मार्च १८४९ रोजी नोंदवला गेला आणि जॅक्स कंपनीने त्याच वर्षी तो बाजारात आणला. १८४८ साली कलकत्त्यात कोणाच्याही हाती तो असणे शक्य नव्हते. मोहरी सुंदर होती, घोड्याच्या आयाळीवरचे कोरीवकामही पाहण्यासारखे होते, पण इतिहासाचा कार्यक्रम आहे म्हटल्यावर ‘त्या काळची’ हे शब्द जपून वापरायला हवेत.

मध्यंतरानंतरचा तास हा या बैठकीचा गाभा आहे आणि केवळ त्यासाठीही तिकीट काढावे. त्यात दोन डाव घेतले जातात. एक महेशचंद्र हरलेला आणि एक जिंकलेला. हरलेला आधी घेतला जातो, आणि हा क्रम मला फार आवडला.

हरलेला डाव १८५५ चा. पांढरी मोहरी कॉक्रन यांच्याकडे. त्यांनी वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. महेशचंद्रांनी उत्तरादाखल मधे प्यादे आणले नाही, राजाकडचा घोडा काढला. पांढऱ्याचे दुसरे प्यादे आले, तर यांनी राजाच्या घोड्यासमोरचे प्यादे फक्त एक घर सरकवले. पांढऱ्याचा वजिराकडचा घोडा बाहेर पडला आणि मग काळ्याने वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून मध्याला धक्का दिला. सादरकर्त्यांनी इथे थांबून ‘हे कोणी ओळखले का?’ असे विचारताच पुढच्या दोन रांगांतले निम्मे हात वर गेले, कारण वर्गात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आज हा ग्रुनफेल्ड बचाव ठाऊक असतो. एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी तो १९२२ मध्ये मोठ्या स्पर्धांत खेळायला घेतला, त्याच वर्षी व्हिएन्नात, पुढे जगज्जेते झालेल्या अलेखाइन यांना याच बचावाने हरवले आणि बचावाला त्यांचे नाव कायमचे चिकटले. त्याच्या सदुसष्ट वर्षे आधी कलकत्त्यात खेळला गेलेला हा डाव त्या बचावाचा सर्वांत जुना ज्ञात डाव आहे.

पुढे मध्यावर प्याद्यांची आणि घोड्यांची अदलाबदल झाली, काळ्याने पांढऱ्याच्या मोठ्या मध्यावर बाजूने हल्ला चढवला आणि पटाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या लांब कर्णावर बसलेला काळा उंट त्या मध्याकडे रोखून पाहत राहिला. आजचा प्रशिक्षकही या खेळ्यांना फार नावे ठेवणार नाही. मग सतरावी खेळी आली. पांढऱ्याचा घोडा जी ५ वर उतरला आणि बी ३ वरच्या वजिराची नजर तिरकस रेषेने थेट काळ्या राजाजवळच्या एफ ७ वर होती. महेशचंद्रांनी आपल्या उंटाने ई २ वरचा पांढरा उंट मारला आणि एकाच वेळी दोन्ही पांढऱ्या हत्तींवर मारा लावला. पांढऱ्या घोड्याने एफ ७ चे प्यादे मारले. काळ्याने वजिरावर घोडा घातला. आणि इथे सादरकर्त्यांनी मोहऱ्यांवरून हात काढून घेतले.

पाच मिनिटे कोणी बोलले नाही. मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दहा-अकरा वर्षांची एक मुलगी ‘आजोबा, मी लावू का?’ असे विचारत पुढे गेली. सादरकर्ते बाजूला झाले. तिने घोडा एच ६ वर नेला. दुहेरी शह, राजाला हलावेच लागणार, तो कोपऱ्यात गेला. मग तिने पांढरा वजीर उचलून जी ८ वर, राजाच्या अगदी कुशीत, ठेवला. सभागृहातून ‘अगं!’ असा एक आवाज आला. काळ्या हत्तीने वजीर मारणे भाग होते. घोडा पुन्हा एफ ७ वर आला आणि चारी बाजूंनी आपल्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजावर मात झाली. शेवटची खेळी लावताना तिला पटाची ती खाच जरा उंच पडत होती, म्हणून तिने टाचा उंचावून घोडा बसवला आणि कोणाकडेही न पाहता जागेवर जाऊन बसली. तिच्या आईने टाळ्या वाजवल्या. सादरकर्त्यांनी ‘कॉक्रन साहेब तुझ्यावर खूश झाले असते’ एवढेच म्हटले.

हा डाव हरलेला असूनही कार्यक्रमाच्या मध्यभागी ठेवण्यामागचे कारण स्पष्ट आहे. महेशचंद्रांचे नाव इतिहासात राहिले ते त्यांच्या जिंकण्याच्या प्रमाणामुळे नव्हे. कॉक्रन यांच्याविरुद्धचे बहुतेक डाव ते हरलेच. नाव राहिले ते डाव सुरू करण्याच्या पद्धतीमुळे. त्या काळी युरोपात काळ्या मोहऱ्यांनी खेळणारा माणूस पहिल्या खेळीला राजाचे किंवा वजिराचे प्यादे दोन घरे टाकून मध्यावर समोरासमोर उभा राहत असे. महेशचंद्र तसे उभे राहत नाहीत. ते प्यादी एकेक घर सरकवतात, उंटाला घोड्याच्या जागेशेजारी बसवून लांब कर्णावर नजर ठेवतात, पांढऱ्याला मध्यावर हवे तेवढे पसरू देतात आणि मग त्या पसाऱ्याला सुरुंग लावतात.

ही पद्धत कुठून आली, याचे उत्तर बैठकीच्या शेवटच्या भागात मिळते. देशी बुद्धिबळात बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या चालीतही एकच घर जात असे. युरोपीय पद्धतीचा किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याची सोय, त्यात नव्हता, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरे उडी मारण्याची मुभा असे. अशा नियमांत मोहरी एकमेकांना भिडायला वेळ लागतो, त्यामुळे खेळाडू आधी आपले घर लावून घेतो आणि घर लावताना उंटाला बाजूला कर्णावर बसवणे हे ओघानेच येते. नियम बदलले तरी हाताला लागलेले हे वळण महेशचंद्रांनी सोडले नाही. इंग्रज बुद्धिबळ लेखक फिलिप सार्जंट यांनी १९३४ मध्ये लिहिताना हेच निरीक्षण नोंदवले होते, की असे बचाव युरोपीय खेळाडूंना महेशचंद्र आणि इतर हिंदी खेळाडूंच्या उदाहरणावरून बऱ्याच अंशी शिकायला मिळाले आणि हे वळण त्या खेळाडूंच्या स्वतःच्या खेळातून आलेले होते. त्यांनी याच संदर्भात मीर सुलतान खान यांचेही नाव घेतले होते. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकणारे सुलतान खानही देशी नियमांतूनच आले होते.

या भागाला बैठकीत जेमतेम वीस मिनिटे मिळतात, आणि माझी सर्वांत मोठी नाराजी इथेच आहे. श्रोत्यांना जोडीजोडीने देशी नियमांनी आठ-दहा खेळ्या खेळायला सांगितले जाते. कल्पना नामी आहे. माझ्यासमोर बसलेल्या महाविद्यालयीन तरुणाने पाचव्या खेळीपर्यंत पोहोचता पोहोचता आपणहून उंट कोपऱ्याजवळ बसवला आणि मग स्वतःच चकित होऊन ‘अहो, दुसरे करण्यासारखे काही सुचतच नाही हो’ असे म्हणाला. महेशचंद्रांच्या खेळाचे याहून चांगले स्पष्टीकरण कोणत्याही भाषणातून मिळणार नाही. पण खेळ रंगात येतो न येतो तोच घंटी वाजते आणि पट आवरायला सांगितले जाते. पहिल्या तासातली नेपोलियनची दहा आणि कॉक्रन यांच्या वकिलीची पाच मिनिटे इकडे वळती केली तर बैठकीचा दर्जा आपोआप वाढेल.

जिंकलेला डाव याच्या आधी होतो, आणि तो सादरकर्त्यांनी अधिक उत्साहाने, किंबहुना जरा जास्तच उत्साहाने सांगितला. कॉक्रन यांनी मध्यावर चार प्यादी एका रांगेत उभी केली, ज्याला आज किंग्ज इंडियन या बचावाविरुद्धचा चार प्याद्यांचा हल्ला म्हणतात. महेशचंद्रांनी आपले नेहमीचे घर लावले, किल्लेकोट केला, उंटाने पांढऱ्या घोड्याला वजिरापुढे जखडले आणि मधल्या प्याद्याचा धक्का दिला. नवव्या खेळीत त्यांनी घोड्याने ई ४ चे प्यादे मारून घोडा सोडला. तो घोडा मारणाऱ्या पांढऱ्या घोड्याला एका प्याद्याने हुसकावले आणि दुसरे प्यादे पुढे सरकवून एकाच वेळी उंट आणि दुसरा घोडा कोंडीत पकडला. पांढऱ्याने हुसकावलेला घोडा ई ६ वर आणून वजीर आणि हत्ती यांवर दुहेरी मारा लावला. महेशचंद्रांनी वजीर हलवला नाही. त्यांनी प्याद्याने दुसरा घोडा मारला, कॉक्रन यांनी वजीर मारला, त्याच प्याद्याने आणखी एक प्यादे मारून हत्तीकडे तोंड केले आणि मागचा उंट मोकळा झाला. पांढरा हत्ती बाजूला झाला आणि उंटाने पांढरा वजीर टिपला.

धुरळा बसल्यावर हिशेब केला तर कॉक्रन यांच्याकडे काळ्याच्या घोड्याच्या बदल्यात एक हत्ती आणि महेशचंद्रांकडे एक प्यादे जास्त, असे चित्र दिसते. आकड्यांत पांढऱ्याचे पारडे किंचित जड. पण पांढरा राजा मध्यावर उघडा आणि काळ्याचे दोन्ही उंट मोकळे. तिथून महेशचंद्रांनी तो डाव जिंकला. वजीर सोडण्याची ती खेळी आजच्या काटेकोर विश्लेषणात संशयास्पद ठरते, कारण पांढऱ्याने वजीर मारण्याची घाई केली नसती तर गोष्ट वेगळी झाली असती. सादरकर्त्यांनी हे सांगितले नाही. त्यांनी ‘अचूक’ हा शब्द वापरला. इथे ‘धाडसी’ म्हणणे पुरेसे होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या खेळाडूवर अचूकतेचे ओझे टाकल्याने त्याचा मान वाढत नाही, आणि समोर बसलेल्या मुलांच्या खिशातल्या फोनमध्ये त्या खेळीचे मूल्यमापन करणारे इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा संगणकीय प्रोग्राम, दोन सेकंदांत मिळते, याचे भान सादरकर्त्यांनी ठेवायला हवे.

अतिशयोक्तीचा हा दोष जाहिरातीत अधिक आहे. कार्यक्रमाचा जो संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो त्यात महेशचंद्रांना ‘संपूर्ण जगाला बुद्धिबळ शिकवणारा बंगाली’ वगैरे म्हटले आहे. वस्तुस्थिती त्याहून लहान आहे आणि लहान असूनही अधिक चांगली आहे. ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव छापील स्वरूपात १८८४ पासून आढळते आणि ते त्यांच्या कॉक्रन यांच्याविरुद्धच्या खेळावरूनच पडले. पण त्या बचावांचे शास्त्र १९२० च्या दशकात युरोपातल्या नव्या पिढीच्या खेळाडूंनी रचले. महेशचंद्रांनी सिद्धांत मांडला नाही, ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे खेळून दाखवले आणि त्या सवयीचे नाव जगभर रूढ झाले. एवढे सांगितले तरी माणूस पुरेसा मोठा राहतो.

याच ओघात कॉक्रन यांना खलनायक करण्याचा मोहही टाळायला हवा होता. सभागृहात दोन-तीनदा ‘साहेबाने दाबून टाकलेला हिरा’ अशा अर्थाची वाक्ये आली आणि त्यांना टाळ्याही पडल्या. प्रत्यक्षात कॉक्रन १८६९ मध्ये लंडनला परत गेले आणि १८७८ मध्ये वारले. त्यांनी जिंकलेल्या डावांबरोबर हरलेले डावही जपले, छापायला पाठवले. महेशचंद्रांच्या ज्या विजयाला आपण टाळ्या वाजवल्या तो कॉक्रन यांनी स्वतः गमावलेला डाव आहे, हे लक्षात घेतले तर त्या वाक्यांचा पोकळपणा उघड होतो.

टिपणाच्या चार पानांत माहिती बरी आहे पण छपाई वाईट आहे. आकृत्यांतली काळी घरे इतकी गडद उतरली आहेत की त्यांवरची काळी मोहरी ओळखताना डोळ्यांना ताण पडतो, आणि खेळ्या मात्र इतक्या बारीक अक्षरात आहेत की चष्म्याच्या दोन्ही काचांतून पाहावे लागते. एका गोष्टीचा त्यात उल्लेखच नाही. महेशचंद्रांच्या आधी मद्रासचे गुलाम कासीम होऊन गेले. मद्रास आणि हैदराबाद यांच्यातल्या पत्रव्यवहारी सामन्यात ते खेळले आणि सुरुवातीलाच घोडा सोडणाऱ्या मुझिओ गँबिटवरचे त्यांचे सहलिखित विश्लेषण १८२९ मध्ये मद्रासला छापले गेले. त्यांच्या नावाचा एक गँबिट आजही पुस्तकांत सापडतो. एका परिच्छेदाने हे सांगता आले असते, आणि महेशचंद्र हे आभाळातून पडलेले एकांडे आश्चर्य नव्हते हेही श्रोत्यांना कळले असते.

श्रोतृवर्गाबद्दल दोन शब्द. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात महिला ग्रँड प्रीचा टप्पा झाला आणि कोनेरू हंपी तो जिंकल्या, तेव्हापासून मुलींना घेऊन बुद्धिबळाच्या कार्यक्रमांना येणारे पालक ठळकपणे दिसू लागले आहेत. या बैठकीतही ते होते. सोबत पेन्शनर मंडळी होती आणि स्पर्धा खेळणारी, सतत घड्याळाकडे पाहणारी मुलेही होती. या तिन्ही गटांना एकाच वेळी धरून ठेवणे सोपे नाही. मधल्या तासात सादरकर्त्यांनी ते साधले. पहिल्या तासात मुले चुळबुळ करत होती आणि शेवटच्या भागात पेन्शनर मंडळींना देशी नियम मुलांपेक्षा चांगले येत असल्यामुळे तिथे सूत्रे त्यांच्याकडे गेली. एका आजोबांनी तर सादरकर्त्यांनाच ‘आमच्या गावी वजिराचे प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जायचे’ असे सुनावले आणि त्यावर पाच मिनिटे खडाजंगी झाली. ती माझ्या मते कार्यक्रमातली उत्तम पाच मिनिटांत मोडते, आणि आयोजकांनी ती घंटी वाजवून मोडली.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. नावनोंदणी फोनवर होते आणि पैसे दारात घेतले जातात. सुट्टे न्यावेत, कारण परत देण्याबाबत दारावरच्या काकूंचे धोरण कडक आहे. दुचाकी लावायला आवारात जागा आहे, चारचाकी आणण्याच्या फंदात पडू नये. चहा चांगला आहे, त्यासोबत बिस्किटापलीकडे काही नसते. मोहऱ्यांच्या चाली येत नाहीत अशांनी जाऊ नये, कारण तिथे त्या शिकवल्या जात नाहीत. आठ वर्षांखालच्या मुलांना तीन तास बसवणेही अन्यायाचे होईल. शक्य असल्यास स्वतःचा घडीचा पट आणि पूर्ण संख्येची मोहरी सोबत न्यावीत. आणि पहिला तास चुकला तरी चालेल असे वाटत असेल तर सव्वासहाला पोहोचण्याचा विचारही करू नये, दार सहानंतर थोड्याच मिनिटांत बंद होते आणि ते मध्यंतरातच उघडते. महेशचंद्रांवरची ही बैठक पुढील दोन महिने चालू राहणार आहे. त्यानंतर सुलतान खान यांच्यावर अशीच मालिका घेण्याचा आयोजकांचा मानस आहे. तिकीट तेवढेच राहणार असेल, तर मी जाईन.